मातेच्या नावावर घालवलेले दोन दिवस

माझी कातडी लहानपणापासून माशाच्या खवल्यांसारखी. हिवाळ्यात पोटऱ्यांवरून पांढरा कोंडा गळायचा. पोरगी बघायला गेलो तेव्हा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, लबाडीच ती. मुलगी झाली आणि सहा महिन्यांत तिच्या गालांवर, कोपरांत तीच कोरड, वर खाज. लोहारा गावातल्या आमच्या घरी येणारा पाहुणा आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. "बापावर गेली," एवढंच म्हणायचा, पण माझं डोकं सणकायचं.

चार वर्षं बायको रोज दोन वेळा तिला मलम लावत होती. एक दिवस चुकला तरी कातडी तडकायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पोरीला ताप भरला. दुपारपर्यंत गालांवर आणि मानेवर पाण्याने भरलेले बारीक फोड उठले. दिग्रसहून माझी मोठी बहीण आलेली होती. तिने बघताच डोक्यावरून पदर घेतला.

"माता आली हाय. आता तेल, मलम, औषध सारं बंद. घरात फोडणी द्यायची नाही. पाच दिवस जाऊ दे."

"ताई, मले हे तसं नाही वाटून राह्यलं," बायको म्हणाली. "मलम सोडलं तं तिची कातडी फाटते. आजच यवतमाळले नेऊ."

"तुले लई समजते! गप बस," मी ओरडलो.

मी विज्ञान शिकलेला, सरकारी कचेरीत बसणारा माणूस. मातेवर माझी श्रद्धा होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. चार वर्षं पोरीच्या अंगावर जे काही उठलं ते माझ्या घराण्याचं होतं. हे पहिल्यांदाच बाहेरून आलं होतं, तेही देवीकडून. मी स्वतः दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला.

दुसऱ्या दिवशी फोड फुटून एकमेकांत मिसळले. त्यांच्यावर पिवळी खपली धरली. पोरगी पाणीही पिईना. तिसऱ्या सकाळी डाव्या डोळ्याची पापणी सुजून मिटली. बायकोने कुणाला विचारलं नाही. पोरीला चादरीत गुंडाळलं आणि ऑटोत जाऊन बसली.

"येता, का मी एकटी जाऊ?"

मी चपला हातात घेऊन धावलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी चादर बाजूला केली आणि नर्सला लगेच सलाईन लावायला सांगितलं. "या कांजिण्या नाहीत. दोन दिवस काय करत होता?" त्यांनी माझा हात ओढून तळवा बघितला. त्यावर रेषांचं नुसतं जाळं होतं. "कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन तुमच्याकडे कमी बनतं. तेच हिच्यात आलंय. हिच्या अंगाला कुंपणच नाही. घरात कुणाच्या ओठावर फोड उठला होता?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठावरची खपली पडून चारच दिवस झाले होते. आणि कचेरीतून आल्यावर पोरीचा मुका घेतल्याशिवाय मी बूटही काढत नसे.

"माझ्या," मी म्हणालो.

"तोच विषाणू. तुमच्या ओठावर थांबला, हिच्या अंगभर पसरला. बुबुळावर गेला असेल तर नजर जाऊ शकते."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी उघडून बुबुळावरची जखम दाखवणारा पिवळा थेंब टाकला आणि निळा उजेड धरला. पोरगी किंचाळत होती. मी तिचे पाय धरले होते. कातडी माझी, विषाणू माझा, उशीरही माझाच. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"बुबुळ अजून स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण उद्या पुन्हा बघावं लागेल."

असे तीन उद्या गेले. रोज तोच थेंब, तोच उजेड. चौथ्या दिवशी सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे. पोरीने दोन्ही डोळे उघडले, मला ओळखलं आणि हात पुढे केले.

"बाबा, मुका."

मी वाकलो. बायकोने माझ्या तोंडावर तळहात धरला.

"दुरून बोला," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी दोन पावलं मागे सरलो. पोरगी रडायला लागली.