खिडकीची जागा

धुळ्याच्या बसमध्ये मी जितकी झोपले आहे, तितकी स्वतःच्या अंथरुणात झोपलेली नाही. आज हे हसत सांगते. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर, "छे हो, मी तर खिडकीतून शेतं बघत होते," असं ठणकावलं असतं आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत पुन्हा डुलकी काढली असती.

सासर जळगावात, नोकरी धुळ्याच्या एका कचेरीत. रोजच्या या ये-जा करण्याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात. "सून काय करते?" असं कुणी विचारलं की घरची माणसं सांगायची, "अप-डाऊन करते." जणू तेच माझं पद. आता नात याच रस्त्यानं अप-डाऊन करते. तिला चौपदरी रस्ता मिळाला. मला खड्डे मिळाले. पण खड्ड्यांतल्या बससारखा पाळणा जगात नाही, हे त्या पोरीला कधी कळायचं नाही.

सकाळी बस पश्चिमेला जायची, संध्याकाळी पूर्वेला यायची. त्यामुळे सूर्य दोन्ही वेळा पाठीशीच. डोळ्यांवर ऊन नाही, मानेवर कोवळी ऊब, कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक आणि खिडकीच्या गजाला टेकलेलं कपाळ. एरंडोल सुटलं की मी सुटायची. मग काय खरं आणि काय नाही, याची चौकशी कुणी करायची? कपाशीची बोंडं फुटून उशा व्हायच्या. काळी माती पाण्यासारखी हलायची. कधी बस थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरायची आणि चुलीला वळसा घालून पारोळ्याच्या स्टँडवर उभी राहायची. ती टिकटिक कधी भाकरी थापण्याचा आवाज व्हायची, कधी पावसाचा. फागणे आलं की मात्र आपोआप डोळे उघडायचे. धुळे आता आलंच.

ती कचेरी मला फार प्रिय होती. तिथे माझं टेबल होतं, टेबलावर काच होती आणि समोर कडुनिंब होता. घरी मी सूनबाई, वहिनी, काकू. तिथे मॅडम. मॅडम म्हटलं की माझी मान अशी ताठ व्हायची, की पाहणाऱ्याला वाटावं हिला उसण भरली आहे.

सासूबाईंनी नोकरीला होकार दिला होता, पण एका अटीवर. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात परातीत पीठ घेता घेता त्या म्हणाल्या होत्या, "ज्या दिन हात पीठमा नि डोया मिटेल दिखतीन, त्या दिन नोकरी बंद. समजनं?"

समजलं. पिठात हात असताना डोळे मिटलेले दिसले की नोकरी गेली. म्हणजे थकायला हरकत नव्हती, थकलेलं दिसायला होती.

मग काय, दिसायचं नाही असं मी ठरवलं. मी किती शहाणी होते ते सांगते. जळगावला उतरले की स्टँडच्या नळावर तोंड धुवायचं, पर्समधली पावडर फासायची आणि घरात शिरताना गाणं गुणगुणायचं. कपाळावर गजाचा आडवा लाल वळ उठलेला असायचा, रोजच्या टेकण्यानं तो सुट्टीच्या दिवशीही पुरता जात नसे. त्यावर पावडरचा जाड थर. आरशात मला फक्त माझं देखणेपण दिसायचं. इतरांना कपाळावर चुना लावलेली, बेसूर गाणारी बाई दिसत असणार.

भाकऱ्या झाल्या की मी देवघरात जपाला बसायची. पाठ दाराकडे, माळ हातात, डोळे मिटलेले. देवासमोर डोळे मिटले तर कोण काय बोलणार? माझ्या भक्तीचा बोलबाला गल्लीभर झाला. सासूबाई स्वतःच शेजारणींना सांगायच्या, "आमनी सून जपले बठनी का तिले जगनं भान नही ऱ्हास." मला वाटायचं, बिचाऱ्या किती भाबड्या! माळेतला मणी बसल्यापासून उठेपर्यंत तोच असायचा, हे पाठमोऱ्या सुनेचं कुणाला दिसतंय?

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी मांडायची, रविवारी भाऊबंद जमवायचे, बायांनी गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. त्या वर्षी शनिवारपर्यंत मी बसमध्ये होते आणि रविवारी पहाटेपासून पुरणात. ऊन उतरल्यावर गाणी सुरू झाली. मी भिंतीला टेकून पहिल्या ओळीत बसले, कारण कामसू सुनेनं मागे बसणं शोभत नाही, असं माझंच मत. गाण्याची चाल अशी, की एक ओळ वर चढते, एक खाली येते. वर, खाली. अप, डाऊन. माझं अंग ते ओळखत होतं.

बस रिकामी होती. ड्रायव्हर नव्हता, तरी ती चालली होती, आवाज न करता, रस्ता सोडून कपाशीवरून. माझ्या जागेवर, मी टाकलेल्या रुमालावर, एक बाई बसली होती. मोठी नथ, भरलं कपाळ.

मी म्हटलं, "ओ बाई, जागा माझी आहे. रुमाल दिसत नाही का?"

ती सरकली नाही. नुसती हसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर केळीचे बाग उलटे चालले होते, पानं पाण्यात सोडल्यासारखी. मला भांडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात कंडक्टर आला. दिसला नाही, पण त्याचा आवाज आला, आणि आवाज बाईचा होता.

"काय पाहिजे, माय, तुले?"

"खिडकीची जागा," मी म्हटलं.

"आनखी काय?"

"उठवू नका. जळगाव येईपर्यंत मला कोणी उठवू नका."

डोळे उघडले तर आरतीचं ताट नाकासमोर. गाणी थांबलेली. माझे केस सुटलेले, कपाळभर हळदीकुंकू, आणि सगळ्या भाऊबंदांचे हात जोडलेले. झोपेत बसच्या हिसक्यांनी मान डावीउजवीकडे फिरायची सवय मला होतीच. त्यात मी घशातून हुंकारही देत होते म्हणे. आमच्या चुलत सासूबाईंनी तेवढं पाहिलं आणि किंकाळी फोडली होती, "आंगमा उनी! कानबाई उनी!" मला प्रश्न विचारणारा कंडक्टर म्हणजे त्याच. ह्यांनी तर माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तो योग पुन्हा आला नाही.

माझी झोप अशी उडाली की काय सांगू. कारण समोर सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांचे हात जोडलेले नव्हते. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या.

चुलत सासूबाईंना एक शंका आली. "खिडकीनी जागा देवीले कसाले पाहिजे वं? आनि जळगाव येईपर्यंत म्हने. जळगाव तर हाईच शे ना!"

बायांमध्ये कुजबूज झाली. एक जण पदरात हसली. मला कडुनिंब दिसला, टेबलावरची काच दिसली, आणि काचेवर दुसऱ्याच कुणाचे तरी हात. सासूबाईंनी आता एवढंच म्हणायचं होतं, की ही झोपली होती. सगळ्यांदेखत, देवीसमोर, डोळे मिटून. पिठातल्या हाताचीसुद्धा गरज उरली नव्हती.

सासूबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"देवीनं सांगं ते सांगं," त्या म्हणाल्या. "त्यामा आपली अक्कल कसाले? खिडकीजोडे बंगई शे. सून घर उनी का तठे निजी. दिवा लागेपावत तिले कोनी उठाडानं नही."

"नि भाकरी?" चुलत सासूबाईंनी विचारलं.

"देवीले काय भाकरी थापाले लावू?"

प्रश्न मिटला. गाणी पुन्हा सुरू झाली. आणि मी, मूर्ख ती मूर्खच, मनात म्हटलं: फसल्या! सासूबाई साफ फसल्या!

देवीला निरोप देऊन मंगळवारी कामावर निघाले. सासूबाईंनी डबा हातात दिला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "देवी पारोळाले उतरनी, का धुळापावत गयी?"

त्यांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली घेतली, अंगठ्यावर थेंब घेतला आणि माझ्या कपाळावर, बरोबर गजाच्या वळावर, आडवा फिरवला. पावडर लावायची राहिली होती त्या दिवशी.

संध्याकाळी मी बंगईवर, म्हणजे आमच्या झोपाळ्यावर, आडवी झाले. गंमत बघा, झोप येईना. घर हलत नव्हतं. खड्डा नाही, टिकटिक नाही, नुसती खिडकी. मी डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात सासूबाई डाळ निवडायला म्हणून शेजारी येऊन बसल्या आणि पायानं बंगईला एक झोका दिला. कडी करकरली. एक दाणा सुपात, एक खडा बाहेर, एक झोका. फागणे गेलं. पारोळा गेलं. कुठेतरी केळीची पानं पाण्यात सोडल्यासारखी हलली, आणि नथवाली बाई या वेळी जागा सोडून उठली.

दिवा लागेपर्यंत उठवायचं नाही, असा हुकूम होता. तो त्यांनी काटेकोर पाळला. फक्त आमच्या घरात दिवा उशिरा लागू लागला. गल्लीत सगळीकडे उजेड झाला तरी आमच्याकडे काळोख. एकदा झोपेच्या काठावरून मी ऐकलं, दारातून शेजारीण विचारत होती, "काय वं अक्का, दिवा नही लाया अजून?"

"बटन बिघडनं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

ते बटण पुढे कितीतरी वर्षं बिघडलेलं होतं.

बंगई अजून तिथेच आहे. नात धुळ्याहून येते, पर्स एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि "आजी, मी मेले" म्हणून तिच्यावर कोसळते. पावडर नाही, गाणं नाही, जप नाही. काहीही लपवत नाही. मला तिचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते, कारण नाटकात मजा होती. हिच्या बसला काचा आहेत, म्हणून कपाळ कोरं असतं. गालावर मात्र इअरफोनच्या वायरचा वळ असतो. मी त्यावर तेलाचं बोट फिरवते. ती झोपेत म्हणते, "चिकट काय करतेस गं."

मग मी पायानं झोका देते. आता कडीपेक्षा माझा गुडघा जास्त करकरतो. खिडकीबाहेर गल्लीतले दिवे लागत जातात. आतून माझा मुलगा ओरडतो, "आई, अंधारात काय बसलीस? लाइट लाव की!"

"लाइट गेलीये," मी सांगते.

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत असतो. त्याला कुठे काय समजतं?