न बिघडलेल्याचं श्रेय

मीरा-भाईंदरमध्ये आजवर जे जे बिघडलं नाही, त्यातलं निदान निम्मं माझ्या धाकट्या जावेमुळे बिघडलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. दुरुस्ती करणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. बिघडूच न देणाऱ्याला मात्र घरचेसुद्धा विचारतात, तू दिवसभर करतेस तरी काय? चार-पाच रक्तपेढ्यांच्या नोंदी ज्या एका डेटाबेसात राहतात, तो नीट पळतोय की नाही यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. कुठल्या गटाच्या रक्ताची पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये आहे, असं कुणी विचारलं की डेटाबेसाने पापणी लवायच्या आत सांगायचं, आणि उशीर झाला तर तो का झाला हे हिने शोधायचं. मुर्धा गावातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत बसून ती लॅपटॉपवरच्या हिरव्या रेघा बघत असे. सासूबाई जिन्याशी बसून सुकट निवडता निवडता म्हणायच्या, "दिसभर रेगा बगत बसते. ह्याला काम बोलतात?"

तिचा लाडका शब्द बेसलाइन. म्हणजे सगळं ठीक असतानाचं माप. "ताई, ठीक असताना कसं असतं हे लिहूनच ठेवलं नाही, तर बिघडलंय हे कळणार कसं?" असं ती लग्नानंतर आठवड्याभरात मला म्हणाली आणि त्याच दिवशी पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी तिने खिळ्याला एक वही टांगली. गच्चीवरची टाकी भरायला बावीस मिनिटं लागतात, हे तोवर आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणून कुणाचं काही अडलंही नव्हतं. एके दिवशी सव्वीस लागली. हिने लगेच मोटारवाल्याला बोलावलं. तो बिचारा मोटारीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाभी, चालू तो है!" ही म्हणाली, "चालू है भैया, लेकिन रोज जैसा नहीं है." त्याने कुरकुरत पाइप वर काढला, तर टोकाच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी अर्धीअधिक अडकलेली. तेव्हापासून तो तिला डॉक्टरमॅडम म्हणतो आणि आमच्या घरी यायचं असलं की जरा घाबरून येतो.

तिच्यासमोर तक्रार करणं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहणं. डोकं दुखतंय म्हटलं की पहिला प्रश्न, "कधीपासून?" आणि दुसरा, "त्याच्या आधी काय बदललं?" आमचे हे एकदा सहज म्हणाले की आज आमटी वेगळी लागतेय. तर ही म्हणाली, "भाऊजी, नक्की कुठल्या दिवसापेक्षा?" ते पुढे महिनाभर मुकाट जेवले, त्यामुळे हा प्रश्न मला फार आवडला. पण मीही सुटले नाही. एकदा मी चहाची पावडर आणि दूध दोन्ही एकाच दिवशी बदललं, चहा बिघडला, आणि ती रडायचीच बाकी राहिली. "ताई, एका वेळी एकच गोष्ट बदलायची! आता दोष कुणाचा ते कसं शोधू?" सरासरी या शब्दावर तर तिचा भारी राग. मी म्हटलं, मीरा रोडची बस साधारण बारा मिनिटांनी येते. ती म्हणाली, "जिला पन्नास मिनिटं थांबावं लागलं, तिला जाऊन सांगा साधारण." मी गेली वीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय, पण 'साधारण' हा शब्द तेव्हापासून मी जपून वापरते.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "मॅडम, तीन वर्षांत सिस्टिम एकदाही पडली नाही. मग हे पद हवंय कशाला? पडली की घंटा वाजेल, असं सॉफ्टवेअर मिळतं." ही म्हणाली, "सर, घंटा सिस्टिम पडल्यावर वाजेल. मी पडायच्या आधी बघते." साहेबांनी मान डोलावली आणि महिनाअखेरीस ठरवू म्हणाले. ही घरी आली ती तोंड एवढंसं करून. जिवापाड केलेलं काम कुणाला दिसलंच नाही तर आहे म्हणून दाखवायचं कसं, हे तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही कळेना.

नेमकी त्याच आठवड्यात तिला एक रेघ चढताना दिसली. दुपारी तीनच्या सुमारास पिशवी शोधायला दोन सेकंद लागायला लागले होते. दुसऱ्या दिवशी तीन, मग चार. कुणाचीच तक्रार नव्हती, घंटा वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता. जेवताना माझे दीर तिला म्हणाले, "सोड ना. एकदा पडू दे. मग कळेल त्यांना तुझी किंमत." आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही म्हटलं, "अगं, थोडंसंच पडू दे." तिने हातातला घास खाली ठेवला. "ताई, ते थोडंसं पडेल, तेव्हा पिशवी शोधत कोण उभं असेल?"

ताटावरून उठून ती वर गेली. कुणीतरी एक नवा अहवाल जोडला होता. तो रोज दुपारी एका नोंदीसाठी सगळ्या नोंदींचं टेबल वाचून काढायचा, जाडजूड पुस्तकात एक शब्द शोधायला पहिल्या पानापासून सुरुवात करावी तसा. नोंदी वाढत होत्या, तसा त्याचा वेळही वाढत होता. तिने त्याला सूची करून दिली, आधी डेटाबेसाच्या नकलेवर तपासली, मग खऱ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता आम्ही दोघी पडद्यासमोर श्वास रोखून बसलो. रेघ सपाट राहिली. काही म्हणजे काही घडलं नाही, आणि माझा ऊर अभिमानाने असा भरून आला की मी तिला कडकडून मिठी मारली.

खाली आलो तर सासूबाई सुकटीतून मान वर न काढता म्हणाल्या, "तुमचा सासरा बी असाच मिठाच्या आगराच्या बांधावर फिरायचा. खेकड्यानं केलेलं भोक दिसलं का टाचेनं चिखल दाबायचा. लोकां बोलायची, ह्यो नुसता फिरतंय. पन भरतीचं पानी आमच्या आगरात कंदी शिरलं न्हाय." मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "बुजवलेलं भोक कोनाला दिसतंय, पोरी?" एरवी डोळ्यांत टिपूस न आणणारी माझी जाऊ पदराने डोळे पुसू लागली आणि माझीही तीच गत झाली.

महिनाअखेरीस पद गेलंच. जाताना तिने घंटेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलीला एक जाडजूड वही दिली, 'नेहमीसारखं म्हणजे काय' असं वर लिहिलेली. त्या मुलीने ती वही कुणाला दाखवली, त्याने आणखी कुणाला, आणि दोन महिन्यांत पुण्याहून हिला बोलावणं आलं, तेही दहापट मोठ्या डेटाबेसासाठी. दीरही बदली घेऊन गेले. मी गावभर सांगत सुटले.

आता वरची खोली बंद असते. मोटारीजवळची वही मात्र मी चालवते, आणि सासूबाई घड्याळ बघत बसतात. परवा त्यांनी ओरडून सांगितलं, "अगो, आज तीन मिनटां जास्ती झाली!" मिनिटं खरंच वाढली होती, पण मोटारीचं नुसतं निमित्त करून मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, अगं, इथे काहीतरी नेहमीसारखं नाहीये.

"कधीपासून, ताई?" तिने लगेच विचारलं.

मी वहीची पानं उलटल्यासारखं केलं आणि म्हटलं, "तू गेल्यापासून."