ठाकरवाडीचा साकव

योहान मिस्त्रींनी मला साकवाच्या (ओढ्यावरच्या लहान पुलाच्या) उद्घाटनाला बोलावलं होतं, म्हणून कर्जतला उतरलो तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता. मिस्त्री रिक्षा घेऊन उभेच होते.

"सर, उद्घाटन पुढं गेलं. आज स्लॅब घालायचाय."

"म्हणजे साकव झालाच नाही?"

"होतोय."

माझ्या घराचा जिनाही त्यांनी असाच 'होतोय, होतोय' करत बांधला होता. तो आजतागायत हललेला नाही, म्हणून मुकाट्यानं रिक्षात बसलो.

पळसदरी मागे पडली, खालापूरकडचे डोंगर जवळ आले. मिस्त्रींनी वाटेत हकिकत सांगितली. कर्जतच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीनं (एकत्र उपासना करणाऱ्या समुदायानं) ठाकरवाडीला साकव बांधून द्यायचं ठरवलं. पहिल्या उन्हाळ्यात वळवाच्या पुरानं सगळं सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) वाहून नेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात वाळूच आली नाही. मंडळीतलेच काही जण म्हणू लागले, आता नाद सोडा.

"मग?"

"मग काय, प्रार्थना केली आणि पुन्हा खड्डे खणले."

वाडीत पोचलो तर पानाच्या द्रोणात करवंदं पुढ्यात आली. देणारी सुंदरी पोटुशी होती, भर पावसाळ्यात बाळंत होणार होती. गेल्या पावसात तिच्या जावेला कळा सुरू झाल्या, तेव्हा झोळीत (बांबूला बांधलेल्या चादरीत) घालून दवाखान्यात नेत होते. ओढा भरलेला, झोळी परत फिरली आणि मूल दगावलं. भात शिजला असं सांगावं तसं सुंदरीनं हे सांगितलं. मी हातातलं करवंद द्रोणात परत ठेवलं.

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन वाजला. माल कालवायचा मिक्सर खोपोलीजवळ बंद पडला होता. मी मनात म्हटलं, गेला तिसराही उन्हाळा. मिस्त्रींनी टोपी काढली, कोरड्या ओढ्यात उभं राहून डोळे मिटले. "प्रभू, हात तू दिलेस, आता त्यांना बळ दे. आमेन." टोपी घातली आणि म्हणाले, "घमेली काढा, हातानं कालवू."

कोणी हलेना. वाडीतले म्हातारे बुधाबाबा पुढं झाले.

"मिस्त्री, येक इचारू? नारळ फोडू का? मागं दोन येळा फोडला नाय. तुमाला चालायचा नाय म्हनून."

मिस्त्री म्हणाले, "बाबा, मी नाही फोडणार. पण तुम्हाला मी कधी अडवलं?"

"नाय अडवलं. पन तुमचं मन कशाला दुखवा, म्हनून आमी गप."

दोन उन्हाळे वाडी मिस्त्रींचं मन राखत होती आणि नारळाविना काम तडीस जायचं नाही म्हणून आतून घाबरत होती. मिस्त्री खो खो हसले. बाबांनी नारळ फोडला, तोवर मिस्त्री बाजूला उभे राहिले, आणि मग बायाबापड्यांसकट सगळी वाडी कामाला लागली. घमेली हातोहात पुढं जाऊ लागली. मलाही त्या रांगेत उभं केलं, सदऱ्याची काय दशा झाली ते सांगत नाही. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट (सुकवलेली बारीक मासळी) मिळाली. दिवस मावळायच्या आत स्लॅब पुरा झाला.

"आता हा पिकेपर्यंत, म्हणजे पक्का होईपर्यंत, खालचे टेकू टिकले पाहिजेत," मिस्त्री म्हणाले. "पूर लवकर आला तर पहिले पाढे पंचावन्न."

"मग काय कराल?"

"पुन्हा बांधू. तोवर रोज पाणी मारू."

मी घरी परतलो. मी देवळात जात नाही, चर्चमध्येही नाही. देव पूर अडवील असं मिस्त्रींच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पूर ओसरला की त्यांना पुन्हा खड्डे खणता येतात, आणि ते बळ कुठून येतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला ते ठाऊक नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

पावसानं जोर धरला तेव्हा मी मिस्त्रींना फोन केला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. शेवटी त्यांचाच आला.

"सर, मोठा पूर आला. टेकू सगळे वाहून गेले."

"आणि साकव?"

"साकव आहे की! स्लॅब तोवर पिकला होता. सुंदरी आत्ताच त्याच्यावरून दवाखान्यात गेली. चालत."

उद्घाटन कधी, हे मी विचारलं नाही. ते झालं होतं.