टाकीची उजवी बाजू

बाबांवर मी आयुष्यात एकदाच ओरडलो. एका स्टिकरसाठी.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. फोटोला हार घातला, पाहुणे जेवून गेले, आणि मी सकाळपासून स्वतःवरच चिडून बसलोय.

सेकंडहँड बाईक घेतली होती. काळी, एकदम मेंटेन्ड. फक्त टाकीच्या दोन्ही बाजूंना आधीच्या मालकानं स्वतःच्या आडनावाचं मोठं पिवळं स्टिकर लावलेलं. ऑफिसात लोक मला त्याच आडनावानं हाक मारायला लागले. मी घरी रोज कुरकुरायचो.

बाबा तेव्हा गावाहून, नरखेडकडून, आमच्याकडे शहरात मनीषनगरला आले होते. रामदासपेठेत मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी बाईक घरी ठेवून मित्राच्या कारनं ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर बाबा पार्किंगमध्ये. हातात भांड्याची तारेची घासणी, बाजूला थिनरची बाटली.

डावीकडचं स्टिकर गेलं होतं. सोबत रंगही.

बाबा खुश. "निंघालं पाय! विहिरीवरल्या पंपाचा गंज बी मी असाच काढतो."

मी अख्ख्या बिल्डिंगसमोर ओरडलो. "कोणं सांगतलं होतं तुमाले? हात काहून लावला? वाट लावली ना टाकीची!"

त्यांनी टाकीच्या अगदी जवळ डोळा नेला.

"मले त बरोबरच दिसून राहिलं गा."

नव्हतंच दिसत त्यांना! हे मला माहीत होतं. डॉक्टरची अपॉइंटमेंट मीच घेतली होती. तरी ओरडलो.

ऑपरेशन नीट झालं. ते गावी गेले.

महिन्यानं चेकअपला आले तेव्हा आधी पार्किंगमध्ये गेले. टाकीसमोर बराच वेळ उभे होते. वर येऊन एवढंच म्हणाले, "लय खराब केली गा मी तुयी गाडी."

मी फोनमध्ये होतो. मान वर न करता म्हटलं, "जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ते चौकातल्या रेडियमवाल्याकडे जाऊन बसले. स्टिकर कसं काढतात ते विचारायला. कोणाला रस्ताही न विचारणारा माणूस.

परत आल्यावर माझ्या बायकोला म्हणाले, "सुनबाई, ते केस वाळवाची मशीन दे वं जरा."

मग उजवी बाजू घेतली. गरम हवा दिली, नखानं कोपरा सोडवला, स्टिकर हळूहळू ओढलं. खाली चिकट गोंद राहिला, त्यावर खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबले. जुन्या बनियननं पुसलं. पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. शेवटी शाम्पूच्या पाण्यानं धुतलं.

अख्खी दुपार गेली. टाकीवर एक चरा नाही.

मला खाली बोलावलं. "आता पाय."

आणि मी काय म्हणावं?

"आता काय फायदा बाबा? एक साइड त गेलीच ना. पेंटरकडे नंबर लावून ठेवला मी."

"हो का," म्हणाले. बनियनच्या चिंधीची घडी केली आणि खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात गाडी पेंटरला दिली. तो टाकीवर हात फिरवून म्हणाला, "भाऊ, डावीच साइड मारू का? उजवी कोणीतरी लय साफ काढली. घासाले मन नाही होऊन राहिलं."

मी म्हटलं, "शेड मॅच नाही होणार. पूर्णच मार."

कोणी काढली, तेही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी बाबा गेले. बागेत मोसंबीला पाणी देता देता. हार्ट अटॅक.

लोक म्हणतात, बापाच्या मनात काही राहत नसतं. नसेल राहत. माझ्या मनात राहिलं ना! त्याचं काय करू?

आज टाकी नव्यासारखी चमकते. दोन्हीकडून सारखी. बाबांनी त्या दुपारी केलेलं काम मी स्वतःच्या हातानं रंगाखाली घातलं.

तेव्हा बोललो नाही. आज इथं लिहून सगळ्यांसमोर बोलतो.

लय मस्त काढलं होतं जी, बाबा.