रागीचा अभ्यास आणि आप्पांचं धोतर

आमच्या घराण्यात शिक्षण दोघांनीच मनावर घेतलं. एक मी आणि दुसरी आमची कुत्री.

माझ्या शिक्षणाचं सगळं श्रेय वडिलांना, म्हणजे आप्पांना. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली, पण मी इंजिनियर होईपर्यंत त्यांनी नवं धोतर घेतलं नाही. फाटलेल्याला दंड घालून तेच नेसले. कुत्रीच्या शिक्षणाचं श्रेय मात्र माझं. इतरांनी ते माझ्यावर टाकलंय, असं म्हणा हवं तर!

जे. पी. नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात रागी (नाचणीच्या रंगाची, म्हणून रागी) दिवसभर एकटी. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत, बायको मेघना तिच्या ऑफिसात. कंटाळून एकदा रागीने दाराची चौकट कुरतडली. सागवानी! वरच्या मजल्यावरून घरमालकीण सरोजाक्का खाली आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, पण मराठी खणखणीत.

"कुत्रं वाईट नाही हो," अक्का म्हणाल्या, "पण आणखी एक वस्तू फाडली, तर त्याला दुसरं घर बघायचं. पुढच्या महिन्यात येऊन बघते मी. सरी?"

"सरी, अक्का," मीही कन्नडमध्येच होकार दिला. मेघनाने रागीला असं कवटाळलं, की जणू टेम्पो दारात उभा आहे.

मी मूळचा अभ्यासू. लगेच इंटरनेटवर वाचून काढलं. कुत्र्याच्या डोक्याला काम द्या. जुन्या टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून ठेवा. ते नाकाने, पंजाने उलगडत बसतं आणि दमून झोपतं. घरच्या घरी!

"माझ्या टॉवेलला हात लावायचा नाही!" मेघना म्हणाली.

मग मला आप्पांची जुनी धोतरं आठवली. गावाकडून कोणीही आलं, की आप्पा त्याच्या पिशवीत एक विरलेलं धोतर कोंबतात. "मऊ असतंय, कशालाही होतंय!" प्रत्येकाला त्यांच्या ट्रंकेतल्या कापराचा वास.

झालं, वर्ग सुरू! आधी धोतराची सैल गुंडाळी आणि आत पोळीचे तुकडे. मग घट्ट गुंडाळी. मग घड्या. मग निऱ्या घालून शेवटच्या निरीत खाऊ. रागी एकेक इयत्ता भराभर पार करत गेली. खाऊ सापडला, की मी ओरडायचो, "शाब्बास!" चौकटी वाचल्या, चपला वाचल्या. मी तर मेघनाला म्हणालो, "शिकवण्यात आपला हात आहे बघ!"

अक्का यायच्या त्याच सकाळी आप्पा गावाहून आले. अंगावर प्रवासासाठी ट्रंकेतून काढलेलं कोरं धोतर.

"कुत्रं घरात?"

"आप्पा, फार हुशार आहे हो ती."

"हुशार तूबी होतास. तुला काय गादीवर झोपवत होतो?"

रागी आप्पांच्या पायाशी बसली आणि टक लावून बघत राहिली. "बघा, लळा लागला!" मी म्हणालो. (लळा कसला! ती प्रश्नपत्रिका वाचत होती.)

तेवढ्यात अक्का आल्या. आप्पा तटकन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार, बाई."

"नमस्कार. प्रवास बरा झाला ना?"

"झाला की. पोराची कृपा..."

रागीने कासोटा धरला. ओढला. मग गोल फिरून, नाक खुपसून, अगदी शिकवल्याप्रमाणे निऱ्यांना हात घातला. हात कसला, पंजा!

"ए! अरे, हिला धर!" आप्पा ओरडले. पण बाईमाणसासमोर जोडलेले हात मधेच कसे सोडायचे? ते तसेच जोडलेले! तोवर धोतर जमिनीवर आलं आणि कनवटीला खोचलेले शेंगदाणे, गुळाचा खडा सगळं फरशीवर सांडलं. खाऊ निघाला!

आणि महिनाभराच्या सवयीने माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "शाब्बास!"

आप्पा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, हात जोडून उभे. मेघनाने धावत जाऊन त्यांच्याभोवती टॉवेल गुंडाळला. तोच, हात न लावायचा! सरोजाक्कांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. रडतात की हसतात, कळेना.

"अक्का," मी चाचरत विचारलं, "रागीला आता...?"

"फाडलं का काही?"

मेघनाने धोतर उलटंसुलटं करून पाहिलं. "नाही अक्का. एक धागासुद्धा तुटला नाही!"

"मग राहू दे की कुत्रं!" अक्का पदराने डोळे पुसत वळल्या. "मास्तर तेवढा स्वल्प बदला."

आप्पा टॉवेल सावरत खुर्चीत बसले. फरशीवरचे शेंगदाणे मटकावणाऱ्या रागीकडे त्यांनी एकदा बघितलं. मग म्हणाले, "तुला शिकवताना माझी धोतरं झिजली रे, पण अंगावर तरी ऱ्हायली."

हल्ली गावात कोणी विचारलं, की पोरगा बेंगळुरूला काय करतो, तर आप्पा अभिमानाने सांगतात, "इंजिनियर हाय. मास्तरबी चांगला हाय. फक्त त्याच्याकडं जाशील तर पायजमा घालून जा."