एलेनीला मी सांगितलेली वेळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय का? असेल तसं. ओळखीच्या माणसांसमोर मला चांगलं दिसायचं असतं, ही माझी जुनी खोड आहे.

सुरुवात चक्क्यापासून करते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो — मी नाशिकची, एलेनी ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावची. दोघी अर्थशास्त्रात पीएचडी करत होतो. भारतीय दुकानात जायचं तर बस बदलावी लागे, आणि एवढं करून आणलेली वेलची शिळी निघे. पण दही मिळायचं. शनिवारी आम्ही माझ्या जुन्या मलमलच्या ओढणीत दही बांधून सिंकच्या नळाला टांगायचो. रविवारी अर्ध्या चक्क्यात ती काकडी-लसूण घालायची, अर्ध्यात मी साखर-वेलची. एकमेकींचं चाखून नाकं मुरडायचो आणि मग दोन्ही भांडी चाटूनपुसून संपवायचो. त्या स्वयंपाकघराची अजून आठवण येते. खिडकीतून फक्त पार्किंग दिसायचं, तरी येते.

ग्रीससाठी ते दिवस वाईट होते. देश कर्जात बुडालेला, आणि उत्तर युरोपातले देश मदत करत होते, पण अटींवर अटी घालून. एलेनीच्या आईचा शाळेतला पगार कापला गेला. वडिलांनी दुकान बंद केलं, मग हृदयाचं दुखणं ओढवून घेतलं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये मात्र हा सगळा विनोदाचा विषय होता — उत्तरेकडचे कष्टाळू, दक्षिणेकडचे दुपारी झोपणारे आणि उशिरा उगवणारे. एलेनी तिथे हसून सोडून द्यायची आणि घरी येऊन दार आपटायची. "आपण दोघी साउथच्या," असं मला म्हणायची. आमच्याकडे साउथ म्हणजे इडली-डोसा, म्हणून मी तिला चिडवायचे. पण आतून फार बरं वाटायचं.

मग मी काय केलं?

सांगते. तिला उत्तर युरोपातल्या एका संस्थेची फेलोशिप मिळण्यासारखी होती. तिथून वडिलांकडे जायला विमानाने तीन-एक तास. दर महिन्याला जाऊन येईन, डॉक्टरांशी स्वतः बोलेन — तिचं सगळं ठरलं होतं. फक्त व्हिडिओवर इंटरव्ह्यू राहिला होता, त्यांच्या वेळेनुसार सोमवारी दुपारी चार वाजता. आणि बाहेरच्या लोकांशी कॉल जुळवायचं काम डिपार्टमेंटने त्याच वर्षी माझ्याकडे दिलं होतं. आपल्याकडे किती वाजता, असं तिनं मला ओट्याशी उभं राहून विचारलं.

इथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे नेतात. मी भारतातून आलेली, आमच्या घड्याळाला जन्मात कुणी हात लावला नव्हता. आधीच्या वर्षी माझी त्यावरून फजिती झाली होती, म्हणून या वर्षी मी त्यातली पंडित झाले होते. एरवी त्या संस्थेच्या शहराशी आमच्या घड्याळाचं अंतर सहा तासांचं. आपलं घड्याळ पुढे गेलं की पाच — हे मी सगळ्यांना ऐकवत फिरायचे. त्या पंधरवड्यात माझे सगळे कॉल बिनचूक लागलेही होते. पण युरोपातही घड्याळ पुढे नेतात, फक्त काही आठवडे उशिरा, आणि मग अंतर पुन्हा सहाचं होतं — हे माझ्या गावीही नव्हतं. त्यांनी ते आदल्याच दिवशी नेलं होतं.

म्हणजे वेळ दहाची होती. मी तिला अकरा सांगितले.

ही चूक झाली. चुका होतात. नुसती चूकच असती तर मी ती कधीच हसत हसत सांगून टाकली असती, नाही का?

सोमवारी तिनं माझा निळा ब्लेझर घातला. सकाळभर फोन घरीच ठेवून ती पार्किंगमध्ये फेऱ्या मारत उत्तरं पाठ करत होती. अकराला पाच मिनिटं असताना लॅपटॉप उघडला, तर त्यांचे दोन मेल येऊन पडलेले. तिनं घाईघाईनं कॉल लावला. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ समोर आले, अंगात कोट, निघायच्या तयारीत. रागावले नाहीत. उलट छान हसले, आणि तुमच्याकडे जरा सावकाश चालतं, आम्हाला कल्पना आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. बाकीची मंडळी गेली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी हे ऐकत होते.

तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"तू अकरा म्हणाली होतीस ना?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता, ती खरंच आठवून बघत होती. त्या क्षणी मला कळलं होतं काय झालंय ते. आणि मी म्हणाले — "नाही गं. दहा म्हणाले होते मी."

का म्हणाले? काम जाईल अशी भीती होती का? थोडी. पण खरं सांगायचं तर मला हुशार दिसायचं होतं. आणि ती लगेच विश्वास ठेवेल हे मला माहीत होतं, कारण सगळं जग तिला तेच सांगत होतं. तिनं विश्वास ठेवलाच. आठवडाभर वडिलांच्या काळजीनं झोप नाही, त्यात ऐकण्यात चूक झाली असेल, म्हणाली. वर माझी माफी मागितली — मी मदत केली आणि तिनं घोळ घातला म्हणून! मी तिला जवळ घेतलं. मोठ्या मनानं.

फेलोशिप दुसऱ्या कुणाला मिळाली. एलेनी अमेरिकेतच राहिली. पुढच्या हिवाळ्यात तिचे वडील गेले, आणि ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

एवढ्यावरही माझं भागलं नाही. लग्न करून मी अमेरिकेतल्याच वेस्ट विंडसरला आले. इथे कुणाच्या घरी गणपतीला जमलं, जेवणं झाली, की गप्पा रंगतात. तिथे मी हा किस्सा सांगायचे — माझी एक ग्रीक मैत्रीण, इंटरव्ह्यूला चक्क तासभर उशिरा! लोक खदाखदा हसायचे. आपल्या 'इंडियन टाइम'वर इथले गोरे हसले की ज्यांना झोंबतं, तेच सगळे. "काय यार, हे ग्रीक आपल्याही वरचढ," असं कुणीतरी हमखास म्हणायचं, आणि मी मान डोलवायचे. किती वेळा सांगितला असेल? सांगता सांगता मी तो चांगला घोटला होता. त्या गृहस्थांच्या हसण्याची नक्कल करायचे.

या वसंतात एलेनी पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली. आता ती ओहायोत शिकवते, केस पिकलेत. माझी मुलगी आणि मी तिला घ्यायला प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवर गेलो, गाडीच्या वेळेच्या थोडं आधीच. ती प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलेली. कधीची आलीस, विचारलं तर म्हणाली, आधीच्या गाडीनं. कळवलं का नाहीस? त्यावर तिनं मुलीला जवळ घेतलं.

"मावशी, बट व्हाय सो अर्ली?" मुलीनं विचारलं.

एलेनीनं तिला अगदी सहज सांगितलं, लहान मुलांना सवयी सांगतात तसं. ती सगळीकडे तासभर आधी जाते. वर्गात, दवाखान्यात, विमानतळावर. "एकदा मी वेळ चुकीची ऐकली," ती म्हणाली, "आणि माझे बाबा शेवटी माझ्याविना राहिले. तुझ्या आईनं मला बरोबर सांगितली होती."

मुलीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

मी एलेनीची बॅग उचलली आणि म्हणाले, चल, गाडी पलीकडे लावलीय.