मामांच्या स्वयंपाकघरातली पेशी

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या पेशींचा आदर करणारा माणूस अंबरनाथ ते बदलापूर या टापूत दुसरा नसेल. जिवाणूंकडून औषधी प्रथिनं बनवून घेणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर पेशीचे नियम घराला लावले. पेशीतला मूळ नकाशा, म्हणजे डीएनए, केंद्रकाबाहेर पडत नाही, बाहेर जाते ती त्याची नक्कल, म्हणून मामींची पाककृतींची वही कपाटातून स्वयंपाकघरात न्यायची नाही. हवी तेवढी कृती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवायची, ओट्यासमोर टांगायची, जो ओट्याशी येईल त्याने ती वाचून कामाला लागायचं, आणि पदार्थ झाला की चिठ्ठी फाडायची. पेशी गरजेशिवाय काही बनवत नाही, म्हणून पाहुणा सोफ्यावर टेकल्याशिवाय चहाचं आधण चढायचं नाही. "निघालोय, चहा टाका," असा मी एकदा फोन केला, तर म्हणाले, "जावईबापू, साखर दारात आल्याशिवाय जिवाणूसुद्धा हालत नाही." मागून मामींचा आवाज आला, "जिवाणूंना भांडी घासावी लागत नाहीत."

गेल्या वर्षी मामी उल्हासनगरच्या इस्पितळातून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. पोटात प्रथिनं गेली नाहीत तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मामी दोन घासांवर ताट सरकवायच्या. मी मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, तर मामांनी वालाच्या बिरड्याची चिठ्ठी टांगली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बिरडं केलं. बायकोला पराक्रमाचा पुरावा दाखवायचा म्हणून चिठ्ठी तशीच ठेवली. दुपारी बायको आली, माझं पातेलं फ्रिजमध्ये होतं, चिठ्ठी समोर होती. तिने बिरडं केलं. संध्याकाळी मामींच्या सोबतीला आलेल्या शेजारच्या काकूंनीही केलं. उल्हासनगरातल्या कॅम्प चारच्या बाजारातून किलोभर सोललेले वाल मीच हौसेने आणले होते, त्यामुळे कुणाला काही कमी पडलं नाही.

मला वाटलं, आता मामा फाडून खाणार. पण ते तीन पातेल्यांकडे बघत हरखून म्हणाले, "चिठ्ठी शाबूत असली की येणारा प्रत्येकजण बनवत सुटतो. पेशी उगाच नाही फाडत." ते ऐकून मामी महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "मला आईच्या हातचं कुळथाचं पिठलं खावंसं वाटतंय."

"ते वहीत नाही," मामा म्हणाले.

"लिहिलंच नाही कधी. हाताला येतं."

मामा वही घेऊन पलंगाशी बसले. "सांग."

"लसूण ठेचायचा. चार नाही, आठ पाकळ्या..." एवढं बोलून मामींचा डोळा लागला. मी काहीतरी बोलणार, तर मामांनी हातानेच गप्प केलं. पंख्याने पान उडू नये म्हणून त्यावर तळवा ठेवून ते तसेच बसून राहिले. अर्ध्या तासाने मामींनी डोळे उघडले.

"लसणापर्यंत आलोय," मामा हळूच म्हणाले.

"पाणी कोमट घ्या. आणि मला उठवून आत न्या, तुमच्या हातून गुठळ्या होतील."

मामांनी तेही लिहून घेतलं.